पेशाच्या रकान्यात

सफुरा, तुझं रेसिडेंट कार्ड आलं का?
उलटून बघ. पेशाच्या रकान्यात अरबीत दोन शब्द असतील:
अख्साइया इज्तिमाइया.
मी ते आईला मराठीत करून सांगितलं
तर म्हणाली, म्हणजे आपल्या चौकातल्या बॅनरवरच्यांसारखी का गं?
पांढरे कपडे, हात जोडलेले,
वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा?

नाही, आई.
मला पगार मिळतो, सत्तावीस तारखेला.
उशिरा आले तर कापतात.
पुण्याचा हिशेब माझ्याकडे नाही.

ही आपली कचेरी.
पूर्वी इथे चादरी ठेवायचे, अजून डेटॉलचा वास येतो.
खिडकीतून सोहार बंदराच्या क्रेन दिसतात,
जूनमध्ये त्याही नाही,
नुसता दमट पांढरा उकाडा काचेला चिकटून.
तिसरा खण ओढ, अडकतो तो:
सात तऱ्हेचे चार्जर, सिमकार्डं,
रबरी चपला, दहा नंबरच्या संपल्यात,
आणि ही वही.
तेलुगू, बंगाली, अम्हारिक, सगळं देवनागरीत.
'कुठे दुखतं', 'घरी कोण कोण'.
पण आधी पाठ कर ते पहिल्या पानावरचं:
'सही करू नका.'
कंपनीचा मंदूब कागद घेऊन येतो
तो नेमका भूल उतरायच्या वेळी.

व्याख्या विचारतेस?
व्याख्या मलाही येते. तोंडी परीक्षेत घडाघडा म्हटली होती.
स्वयंनिर्णयाचा हक्क, दहा गुणांचा प्रश्न,
मला आठ पडले.
दोन कुठे गेले
ते खाट क्रमांक चौदापाशी कळलं.

पोशेट्टी, भैंशाचा, नांदेडच्या पलीकडचा,
मराठी मोडकं, पण गोड.
परातीवरून पडला. उजवा पाय गुडघ्याखाली गेला,
दोन्ही हात प्लास्टरमध्ये.
म्हणाला, मॅडम, घरी सांगायचं नाही.
मी म्हटलं, बरं.
बरं म्हणायला काय लागतं?
शुक्रवारी बायकोचा फोन यायचा
आणि त्याच्या कानाशी तो धरायला मीच.
जेवलो. काम आहे. ऊन फार आहे.
मला तेलुगू येत नाही, पण खोटं कळतं,
ते सगळ्या भाषांत जरा हळू बोललं जातं.
अकरा शुक्रवार धरला फोन.
एकदा तर ओठांवर आलं होतं,
बाई, ऐका, याचा पाय
आणि मी माझीच जीभ चावली. खरोखर. रक्त आलं.

बाराव्या शुक्रवारी तो म्हणाला, व्हिडिओ लावा.
आधी चेहरा. मग प्लास्टर.
मग मला मानेनं खूण केली, खाली घ्या.
मी चादर बाजूला केली, फोन खाली घेतला.
पलीकडे बराच वेळ काही नाही. एक कोंबडी ओरडत होती.
मग ती दोन वाक्यं बोलली
आणि हा गडी हसला की रडला, मला सांगता यायचं नाही.

संध्याकाळी त्यानंच अर्थ सांगितला:
'तुमच्यामागे ते मशीन टिक टिक वाजतं, पहिल्या दिवसापासून ऐकते.
म्हटलं, सांगतील तेव्हा सांगतील.'

माझे ते दोन गुण तिच्याकडे होते, सफुरा.
लसुम नाव तिचं. बिड्या वळते.

फाइल बंद झालेली नाही.
भरपाई अडकली आहे, विमा म्हणतो पट्टा बांधला नव्हता,
परातीला पट्टा बांधायला जागा नव्हती
हे मी तीनदा लिहून दिलंय, तीन प्रतींत.
विमानात व्हीलचेअर मात्र मिळाली.
तेवढ्या एका ओळीसाठी मी तेवीस फोन केले.
हेही याच पेशात येतं. जास्त करून हेच येतं.

चल, खाट नऊ.
तीन दिवस बोलत नाहीये ती. कुणाच्या घरी कामाला होती,
कागदावर 'जिन्यावरून पडली' एवढंच आहे.
तिच्या डोक्यावर उभी राहू नकोस, स्टूल ओढून घे.
काय झालं, असं विचारू नकोस.
पाणी हवं का, विचार.
आणि ते कार्ड गळ्यातून काढून खिशात ठेव.